मदत हवी आहे: वजनं आणि कार्डिओ एकाच व्यायामात कसं बसवू?

नमस्कार मंडळी, पुण्यात पर्वती पायथ्याला राहतो, वय 42. सकाळी ऑफिसची बस गाठायची असल्यानं व्यायामाला जेमतेम अर्धा तास मिळतो. आतापर्यंत एक दिवस डंबेल्स, एक दिवस तळजाई टेकडीवर पळणं असं चालायचं. आता दोन्ही एकत्र, एचआयआयटी पद्धतीनं (थोडा वेळ पूर्ण जोर, मग थोडी विश्रांती, असे फेरे) करायचंय.

त्यातला ताबाता प्रकार म्हणजे 20 सेकंद जोर, 10 सेकंद विश्रांती, असे 8 फेरे, एवढं ठाऊक आहे. पण ज्यावरून ताबाता आलं, तो जपानमधला मूळ प्रयोग व्यायामाच्या सायकलवर झाला होता. डंबेल्स घेऊन स्क्वॉट मारताना 10 सेकंदांत दम ओसरतच नाही. पाचव्या फेरीला पाठ वाकायला लागते, मग तो व्यायाम कसला, नुसती झटापट! 30 सेकंद काम आणि 60 सेकंद आराम केला तर चालेल का? की वजनं आधी निवांत उचलून शेवटची दहा मिनिटं पर्वतीच्या पायऱ्या? (उतरताना गुडघे कुरकुरतात, ते वेगळंच.)

तुम्ही आठवड्यातून किती वेळा करता? मधल्या दिवशी नुसतं चालणं पुरतं का? आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंची झोपमोड न करता बर्पीऐवजी (खाली वाकून पाय मागे टाकायचे, मग उठून उडी मारायची, तो व्यायाम) काय करता येईल? जिमच्या जाहिराती नकोत, स्वतः करून पाहिलेलं सांगा.