कोयना आडवी सरकते, वारणा खचते, किल्लारी चढते: दाब एकच ना?

वाशिष्ठीकाठ:
भारतीय भूपट्ट उत्तरेकडे रेटला जातोय, म्हणजे दाब साधारण उत्तर-दक्षिण. मग १९६७ चा कोयना भूकंप आडव्या सरकीचा, वारणेकडचे बरेचसे नॉर्मल फॉल्टचे (फॉल्ट म्हणजे खडक जिच्यावर सरकतो ती भेग; नॉर्मलमध्ये भेगेवरची बाजू खाली खचते), आणि १९९३ चा किल्लारीचा रिव्हर्स (तीच बाजू वर चढते), असं का? कुंभार्ली घाटाच्या कटिंगमधल्या भेगांवरून आजच्या दाबाची दिशा निघेल का?

जांभ्याचा चिरा:
नुसती दिशा बघू नका, तीन दाबांचा क्रम बघा: एक उभा, दोन आडवे. उभा सर्वांत मोठा असेल तर नॉर्मल, मधला असेल तर स्ट्राइक-स्लिप (म्हणजे आडवी सरक), सर्वांत लहान असेल तर रिव्हर्स. भूशास्त्रज्ञ अँडरसनचा हा नियम जुना आहे, पण अजून चालतो.

६ किमी खोलीवर हिशोब करा. खडकाची घनता २.७ (ग्रॅम प्रति घनसेंमी) धरली तर उभा दाब १६० मेगापास्कलच्या (दाबाचं एकक) आसपास, भेगांतल्या पाण्याचा ६०. वजा जाता उरले १००. घर्षणांक ०.६ धरला तर पाणी वजा केलेल्या मोठ्या आणि लहान दाबाचं गुणोत्तर ३.१ च्या पुढे गेलं की फॉल्ट सुटतो. म्हणजे नॉर्मल व्हायला लहान आडवा दाब ९० पर्यंत उतरायला हवा, रिव्हर्सला मोठा आडवा ३७० पर्यंत चढायला हवा. उभा आणि मोठा आडवा जवळजवळ बरोबरीचे असले की थोड्या फरकानेही क्रम उलटतो. कोयना-वारणेत दोन्ही प्रकार शेजारीशेजारी दिसतात, त्याचं सरळ स्पष्टीकरण हेच.

कातळसडा:
त्यात जुनी कमजोर भेगही धरा. कोयनेचा फॉल्ट उत्तर-ईशान्य दिशेचा, जवळपास उभा. उत्तर-दक्षिण दाबाला तो तिरका पडतो, म्हणून पूर्वेची बाजू उत्तरेकडे सरकते; पश्चिमेला उभं राहून बघितलं तर डावीकडे. आणि धरणाचं १०० मीटर पाणी म्हणजे जेमतेम १ मेगापास्कल. पाण्याने भूकंप 'तयार' होत नाही, सुटायला टेकलेला फॉल्ट सुटतो.

घाटातल्या भेगांचं उत्तर मात्र बहुतेक वेळा 'नाही'. बहुतेक भेगा लाव्हा थंड होतानाच्या. कोकणातले उत्तर-दक्षिण डाईकही (भेगांत शिरून गोठलेल्या लाव्हाच्या भिंती) साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा पूर्व-पश्चिम ताण सांगतात, आजचा नव्हे.

फॉल्ट ओळखायचा तर दोन लाव्हा थरांमधला तांबडा मातीचा पट्टा भेगेपाशी तुटून वरखाली झालाय का बघा. आडव्या सरकीत हा पट्टा फसवतो, म्हणून घासल्याच्या रेघा शोधा. प्रतलाची (भेगेच्या सपाट पृष्ठाची) दिशा, कल आणि त्याच प्रतलावर आडव्या रेषेपासून रेघेचा कोन, तिन्ही मोजा. कोन २०-३० अंशांच्या आत असेल तर आडवी सरक. बेसाल्ट चुंबकीय असल्याने होकायंत्राची सुई हलते. दोन ठिकाणांवरून एकमेकांकडे नेम धरा, वाचनात १८० अंशांचा फरक आला नाही तर जागा बदला. दाब काढायला निदान ४ वेगवेगळ्या दिशांची प्रतलं हवीत, प्रत्यक्षात १५-२० तरी. एकाच दिशेची पन्नास मोजून काही मिळत नाही.

वाशिष्ठीकाठ:
एकाच प्रतलावर दोन दिशांच्या रेघा असतील तर?

कातळसडा:
जी दुसरीला छेदते ती नंतरची. दोन्ही वेगळ्या लिहा; एकत्र घातल्या तर येणारा दाब कुठल्याच काळाचा नसतो.