सुट्या भागांतून जुळवलेला फोनोग्राफ : मूळ यंत्र नेमके कोणते?

प्रश्न

नमस्कार. माझ्या संग्रहात नुकताच चावी भरून चालणारा, सिलिंडर (ध्वनिमुद्रित नळकांडे) वाजवणारा फोनोग्राफ आला आहे. त्याच्या लोखंडी बैठकीवरील पट्टीवर ‘एडिसन स्टँडर्ड’ हे नाव, अनुक्रमांक आणि पेटंटच्या तारखा आहेत. सिलिंडर ज्या दंडगोलावर चढवतात, त्याच्या मोकळ्या टोकाला आधार देणारा, फाटकासारखा उघडणारा दांडा आहे. तरीही गिअरच्या आवरणावर दोन किंवा चार मिनिटांचे सिलिंडर निवडण्याची कळ आहे. रिप्रोड्यूसरवर (सुई धरून आवाज काढणाऱ्या भागावर) ‘सी’ हे अक्षर आहे आणि वर पितळेचा मोठा, चकचकीत कर्णा आहे. हे सारे एकाच काळातले वाटत नाही. हे यंत्र कोणत्या काळातले समजावे, आणि कोणी ते विक्रीसाठी बनावट जुळवले आहे का?

प्रतिसाद १

आपली शंका रास्त आहे, परंतु विसंगती दिसली म्हणजे ती बनावटच असेल, असे मात्र मानू नये. १९०५ साली आलेल्या सुधारित ‘स्टँडर्ड’मध्ये तो फाटकासारखा दांडा नव्हता, म्हणजे आपली बैठक त्याआधीच्या घडणीची आहे. चार मिनिटांची सिलिंडरे १९०८ साली आली. त्यांवर इंचाला १०० ऐवजी २०० आटे (खोबणीचे वेढे) असल्यामुळे रिप्रोड्यूसर निम्म्या गतीने पुढे सरकावा लागे. त्यासाठी जुन्या यंत्रांना लावायचे जादा गिअर एडिसनच्या कंपनीनेच विकले. म्हणून ही कळ बहुधा पहिल्याच मालकाने हौसेने करून घेतलेली सुधारणा असेल, आणि मला ती यंत्राच्या इतिहासाचा मोलाचा भाग वाटते. पेटंटच्या तारखांपैकी शेवटची तारीख केवळ इतकेच सांगते की यंत्र तिच्याआधीचे नाही.

प्रतिसाद २

कर्ण्याबद्दल माझे मत कठोर आहे. ‘स्टँडर्ड’सोबत मुळात सुमारे १४ इंचांचा, काळ्या अंगाचा आणि पितळी तोंडाचा सरळ कर्णा येत असे. मोठा कर्णा लावायचा तर त्याला पेलणारी वेगळी कमान हवी, नाहीतर सारा भार रिप्रोड्यूसरच्या सरकत्या भागावर येतो. कर्ण्याचे निमुळते टोक रबरी नळीत बसणारे आहे का, ते पाहा. ते जर रुंद असून कोपरासारख्या वळणदार नळीत बसण्यासाठी घडवलेले असेल, तर तो तबकडीच्या ग्रामोफोनचा कर्णा आहे. बैठक उचलून पेटीच्या आतील बाजूही पाहावी. वर्षानुवर्षे झाकलेल्या लाकडाची छटा आणि बैठकीची कड एकमेकींशी जुळायला हवी.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. बैठक उचलली, तेव्हा पेटीत स्क्रूच्या छिद्रांच्या दोन जोड्या आढळल्या आणि लाकडावरील फिकट पट्टा बैठकीपेक्षा रुंद निघाला. दोन स्क्रूंच्या डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच आहे. कर्ण्याचे टोक रुंदच आहे.

प्रतिसाद १

मग चित्र बरेच स्पष्ट झाले. तशा खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकात प्रचारात आले, त्यामुळे निदान ते दोन तरी नंतर बसवलेले आहेत. पेटी दुसऱ्या यंत्राची, कर्णा ग्रामोफोनचा आणि यंत्रणा १९०५ पूर्वीच्या ‘स्टँडर्ड’ची, अशी नोंद मी करेन, ओळख यंत्रणेवरून ठरवावी, पेटीवरून नव्हे.

एक कळकळीची विनंती आहे. ‘सी’ रिप्रोड्यूसरची सुई इंचाला १०० आट्यांसाठी आहे. ती चार मिनिटांच्या सिलिंडरवर चालवू नका, त्यासाठी ‘एच’ लागतो. हिऱ्याच्या सुईचा रिप्रोड्यूसर तर मेणाच्या सिलिंडरवर कधीही टेकवू नये, कारण एकदा खरवडलेली खोबण पुन्हा मिळत नाही. आणि पेटीतली ती छिद्रे कृपया बुजवू नका.