डाकोटांनी स्वतः लिहिलेलं काय उरलंय?
अमेरिकेतल्या मिनेसोटा नदीच्या खोऱ्यात डाकोटा या तिथल्या मूळ रहिवाशांचं अमेरिकी सरकारशी 1862 मध्ये युद्ध झालं. त्याबद्दल गोऱ्या वसाहतवाल्यांच्याच आठवणी उरल्यात, डाकोटांचं लिखित काहीच नाही, हे मत मला पटत नाही. मिनेसोटातल्या मँकेटो गावी त्याच वर्षी 26 डिसेंबरला 38 डाकोटांना एकत्र फाशी दिल्यावर उरलेले कैदी त्याच हिवाळ्यात तुरुंगात लिहायला शिकले, मिशनऱ्यांनी बसवलेल्या रोमन लिपीत, पण भाषा त्यांची स्वतःची. पुढे त्यांना आयोवातल्या डेव्हनपोर्टला हलवलं. तिथून त्यांनी लिहिलेली पत्रं आजही आहेत. बायकामुलं कशी आहेत, आम्हाला कधी सोडणार, हेच पुन्हापुन्हा विचारलंय. त्यातली बरीच पत्रं मिशनरी स्टीफन रिग्जला लिहिलेली. याच मिशनऱ्याने त्यांच्यावरच्या लष्करी खटल्यांत सरकारला मदत केली होती! या खोऱ्याचा इतिहास ही पत्रं वगळून लिहूच नये.