कॅनोली पौष्टिक? रिकोटाच्या नावावर साखर खपवू नका

रानवारा: परवा कोणीतरी ठोकून दिलं, 'कॅनोलीत रिकोटा, म्हणजे प्रथिनं आणि कॅल्शियम, नाश्त्याला बिनधास्त खा.' कॅनोली म्हणजे कुरकुरीत नळीत गोड रिकोटा (पनीरसारखा मऊ, दुधाचा पदार्थ) भरलेली सिसिलीची मिठाई. माझ्या वडिलांना शुगर आहे आणि असलं सगळं त्यांच्यापर्यंत फॉरवर्ड होऊन पोचतं, म्हणून लिहितेय. मी १ किलो रिकोटात ३०० ग्रॅम साखर घालते. एका नळीत ६० ग्रॅम सारण धरा: साखर १४ ग्रॅम, प्रथिनं जेमतेम ५. एका अंड्यात याहून जास्त असतात! जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असलेली उत्तम. शिवाय कवच मैद्याचं आणि तळलेलं, जुन्या सिसिलियन कृतीत तर डुकराच्या चरबीत.

पाटावरवंटा: मिठाईची तुलना अंड्याशी कशाला? क्रीमच्या पेस्ट्रीशी करा. १०० ग्रॅम रिकोटात स्निग्धांश साधारण १३ ग्रॅम, जाड क्रीममध्ये ३५ च्या घरात. सिसिलीतल्या पालेर्मो शहरात दोन वर्षं काढली आहेत मी. गिऱ्हाईक समोर उभं राहिल्यावरच नळी भरायचे, दाताखाली कडकन मोडायची. एकीतच मन भरतं.

तिरपागडा: मुळात लोक चीज समजतात तो रिकोटा चीजच नाही. चीज काढून उरलेलं व्हे, म्हणजे दुधाचं पाणी, पुन्हा तापवलं की वर येतो तो रिकोटा. नावाचा अर्थच 'पुन्हा शिजवलेला'.

पाटावरवंटा: झालं, शब्दांचा कीस सुरू! दुधाचंच आहे ना?

तिरपागडा: कीस? मला दूध पचत नाही, मुरलेलं पार्मेजान चीज मात्र पचतं. 'चीजच आहे, खा' म्हणून एका यजमानांनी दोन कॅनोली वाढल्या. रात्रभर पोट धरून बसलो. लॅक्टोज, म्हणजे न पचणारी दुधातली साखर, जातं व्हेमध्ये, आणि रिकोटा बनतो त्याच व्हेपासून. इटलीतसुद्धा त्याला 'फॉर्माज्जो' (चीज) नाही, 'लातिचिनो' (दुधाचा पदार्थ) म्हणतात.

पाटावरवंटा: लातिचिनोचं मला सांगू नका, तिथे राहिलेय मी. दुकानात तो चीजच्याच शेजारी ठेवतात आणि मी चीजच म्हणणार. लॅक्टोजचं मात्र डोक्यात आलं नव्हतं. ठीक आहे, एवढं मानलं.

रानवारा: तुमचं दोघांचं झालं असेल तर १४ ग्रॅम साखरेबद्दल कोणी बोलेल का? क्रीमपेक्षा रिकोटा बरा, मान्य. पण नाश्ता म्हणून नाही म्हणजे नाही. वडिलांना अर्धी देईन, तीही जेवणानंतर आणि माझ्यासमोर.