मदत हवी आहे : दक्षिण टिरोलमधील गुप्त जर्मन शाळा

सप्रेम नमस्कार. १९१९ च्या सेंट-जर्मेन तहाने ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेलेल्या दक्षिण टिरोल या जर्मनभाषक प्रदेशावर मी एक लेख लिहीत असून, त्यातील एका मुद्द्याबाबत जाणकारांची मदत हवी आहे. मुसोलिनीच्या राजवटीत तेथील जर्मन शाळा बंद झाल्या, गावांची नावे बदलली, थडग्यांवरील नवे लेखसुद्धा इटालियनमध्येच कोरण्याची सक्ती झाली. तेव्हा शेतकऱ्यांच्या घरांतील माळ्यांवर आणि तळघरांत चोरून वर्ग भरत व बहुतांशी तरुण शिक्षिका मुलांना जर्मन शिकवत. पुढे १९३९ मध्ये हिटलर-मुसोलिनी समझोत्याने या लोकांपुढे जर्मनीत स्थलांतर करण्याचा किंवा इटलीत राहून इटालियन होण्याचा पर्याय ठेवला (याला पर्याय म्हणणेही धाडसाचेच!) आणि बहुसंख्यांनी जर्मनीच्या बाजूने कौल दिला. या शिक्षिकांनी त्या वेळी कोणती बाजू घेतली? १९७२ मध्ये या प्रदेशाला इटलीकडून मिळालेल्या व्यापक स्वायत्ततेविषयी पुरेसे साहित्य माझ्याकडे आहे, त्यामुळे ते नको. या शिक्षिकांच्या आठवणी, पत्रे किंवा मुलाखती कोणाच्या वाचनात आल्या असल्यास, अथवा बोझेन (दक्षिण टिरोलची राजधानी) वा ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथील अभिलेखागारांत कोणी काम केले असल्यास, कृपया कळवावे. जर्मन मजकूरही चालेल.