लिफ्टमधलं पीठ आणि ब्रुनो

देशपांडे काकू, बी ५०२: सकाळी गिरणीतून दळण घेऊन आले. लिफ्टचं दार उघडलं तर सहाव्या मजल्यावरचं श्वान आत. माझ्या छातीवर दोन्ही पाय. डबा खाली, ज्वारीचं पाच किलो पीठ लिफ्टभर. गणपतीत आरतीच्या वेळीही हेच झालं होतं, तेव्हा गप्प बसले.

अमृता, बी ६०१: काकू, खरंच सॉरी 🙏 पीठ मी आणून देते. तो चावत नाही हो, लाड करून घ्यायला येतो.

देशपांडे काकू, बी ५०२: मला लाड करायचे नाहीयेत.

साठे काका, ए २०३: *ठराव क्र. ७ : पाळीव प्राण्यांनी जिन्याचा वापर करावा.* सर्वांनी नोंद घ्यावी.

पाटील, बी ३०१: काका, नोंद आम्ही घ्यायची की प्राण्यांनी? 😄

सेक्रेटरी: साठेसाहेब, तिसऱ्यांदा सांगतो, तो ठराव टिकणार नाही. अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचना आहेत, कुत्र्यांना लिफ्टबंदी करता येत नाही. पण अमृताताई, पट्टा आवळून धरणं ही तुमची जबाबदारी.

अमृता, बी ६०१: पट्टा होता. अप्पांच्या हातात होता.

अप्पा, बी ६०१: एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात दुधाच्या पिशव्या. दहा महिन्यांचा लॅब्रॅडोर आहे, मी पंच्याहत्तरचा. कोण कोणाला फिरवतं हे सांगायला हवं का?

जाधव, ए १०२: पीठ अजून तसंच आहे. सफाईवाला रजेवर. ओलं फडकं मारू नका, लगदा होईल.

नेहा, बी २०४: ते होईल हो, पण ए विंगवाल्यांनी आमच्या जागेत लावलेली लाल स्कूटर कधी निघणार?

जाधव, ए १०२: तो विषय इथे नको.

मीनल, ए ४०४: अमृता, उडी मारली की त्याला काहीतरी मिळतं म्हणून तो मारतो. हात लावून ढकललं तरी त्याला खेळच वाटतो. पाठ फिरवायची, एक शब्द बोलायचा नाही. चारही पाय जमिनीवर टेकले की त्याच क्षणी खाऊ. नंतर दिलास तर कशाबद्दल मिळाला ते कळतच नाही.

कुलकर्णी, ए ३०२: आमच्या वेळी वर्तमानपत्राची सुरळी करून एक ठेवून द्यायचे. महिन्यात शहाणा.

मीनल, ए ४०४: शहाणा नाही काका, घाबरट. घाबरलेलं कुत्रंच आधी चावतं.

साठे काका, ए २०३: *ठराव क्र. ७ : पाळीव प्राण्यांनी जिन्याचा वापर करावा.*

अमृता, बी ६०१: साठे काका, एक विचारू? संध्याकाळी बाकावर तुमच्या मांडीवर पाय ठेवला की अर्धं बिस्किट कोण देतं?

पाटील, बी ३०१: 🫢

साठे काका, ए २०३: ते भूतदया म्हणून.

मीनल, ए ४०४: मग झालं ना! बाकावर उडी मारली की बिस्किट, लिफ्टमध्ये मारली की ओरडा. त्या बिचाऱ्याने काय समजायचं? आणि घरात 'बस'ला काय म्हणता?

अमृता, बी ६०१: मी 'सिट'. हे 'बैठ'. अप्पा 'बस रे बाबा'. कामवाल्या मावशी 'ए, खाली'.

पाटील, बी ३०१: एका शब्दावर बसायला लागला की एजीएमला आणा. कोरम तरी भरेल.

मीनल, ए ४०४: एकच शब्द ठरवा. खाऊ नाकापुढे धरून हळूच डोक्याच्या मागे न्यायचा, मान वर जाते आणि बूड आपोआप टेकतं. टेकलं की खाऊ. पाच मिनिटं पुरे, दिवसातून दोन-तीनदा, जेवणाआधी. घरात पक्कं झालं की जिन्यात, मग लिफ्टच्या दारात. आत कोणी असेल तर ती लिफ्ट सोडून द्यायची.

अप्पा, बी ६०१: खाऊ म्हणून बेदाणे चालतील? घरात आहेत.

मीनल, ए ४०४: अजिबात नाही!! बेदाणे, द्राक्षं, चॉकलेट कुत्र्याला विषारी. गाजराचे बारीक तुकडे द्या. आणि साठे काका, बिस्किट द्यायचंच असेल तर तो बसल्यावर द्या.

देशपांडे काकू, बी ५०२: सगळ्यांनी शिकवण्या घेतल्या. माझं पीठ?

अमृता, बी ६०१: आणलंय काकू. दारात उभी आहे.

देशपांडे काकू, बी ५०२: तो बरोबर आहे का?

अमृता, बी ६०१: जिन्यात बसलाय. अप्पांनी गाजर धरलंय.

देशपांडे काकू, बी ५०२: उघडते.

देशपांडे काकू, बी ५०२: अगं, हे बाजरीचं आहे.