टोंकच्या अमीरखानाला ‘पेंढारी’ म्हणावे का?

प्रश्न : टोंक संस्थानाचा संस्थापक नवाब अमीरखान (मराठी कागदांतला ‘मीरखान’) याला सर्रास ‘पेंढारी सरदार’ म्हटले जाते. हा प्रयोग बरोबर आहे का? आणि ‘पेंढारी’ लिहावे की ‘पिंडारी’?

उत्तर : मराठीत ‘पेंढारी’. ‘पिंडारी’ हिंदी वळणाचे आहे. सामान्यरूप ‘पेंढाऱ्या-’ : पेंढाऱ्याने, पेंढाऱ्यांना. व्युत्पत्तीबद्दल एकमत नाही, तेव्हा ‘पेंढ्यावरून आला’ असे ठोकून देऊ नये.

अमीरखानापुरता शब्द चुकीचा आहे, आणि त्याचे कारण पगारात आहे. शिलेदार स्वतःचा घोडा आणून पगार घेई, बारगिराला घोडा सरकारातून मिळे. पेंढाऱ्याला पगारच नसे. लूट हीच कमाई, वर ज्या सरदाराच्या फौजेमागे तो फिरे त्यालाच पालपट्टी नावाचा कर भरायचा. अमीरखानाचे पठाण मात्र पगारी होते. पगार थकला की ते त्याच्याच दारी धरणे धरत, त्याला अडकवून ठेवत. पेंढाऱ्याचा पगार थकणार कसा? शिवाय याच्याजवळ पायदळाच्या पलटणी आणि तोफा होत्या. पेंढारी भाला घेऊन घोड्यावरून येई आणि लढाई टाळून निघून जाई.

दुसरे मत : पगाराचा मुद्दा मान्य, पण शब्द बदलल्याने माणूस धुतला जाऊ नये. जयपूर-जोधपूरच्या भांडणात तो आधी जयपूरकडून होता, मग जोधपूरच्या मानसिंगाकडे गेला. मानसिंगाचा विरोधक, पोकरणचा ठाकूर सवाईसिंग याला भेटीला बोलावून त्याने दगा केला. 1810 मध्ये उदेपूरची राजकन्या कृष्णाकुमारी हिला विष दिले गेले, त्यामागेही त्याचा दबाव होता. त्याच्या छावणीबरोबर पेंढारीही फिरत. रयतेला फरक काय कळणार?

उत्तर : रयतेच्या बाजूने ‘लुटारू’ म्हणा, तो शब्द त्याला लागू आहे. ‘पेंढारी’ हा फौजेतला दर्जा आहे, शिवी नव्हे. होळकरशाही पेंढारी आणि शिंदेशाही पेंढारी अशी नावेच होती, आणि चितू, करीमखान हे शिंदेशाही पेंढाऱ्यांचे म्होरके. नोव्हेंबर 1817 च्या तहात इंग्रजांनी अमीरखानाला फौज मोडायला लावली, तोफा मोबदला देऊन घेतल्या आणि पेंढाऱ्यांच्या बंदोबस्तात मदत करण्याचे कलम घातले. पेंढाऱ्यांविरुद्ध ज्याची मदत मागितली, त्याला पेंढारी म्हटले की तहाचा अर्थच लागत नाही. लिहायचेच तर ‘होळकरांच्या पदरचा पठाण सरदार’ लिहावे. घराणे मूळचे बुनेरचे (आजच्या पाकिस्तानातला पठाणी मुलूख), जन्म रोहिलखंडातल्या संभळचा, म्हणून ‘रोहिला’ही चालेल.

आणखी एक : ‘टोंक जिंकले’ हे क्रियापदही खटकते. सिरोंज, टोंक, निंबाहेडा वगैरे परगणे त्याला यशवंतराव होळकरांच्या चाकरीत मिळाले. तहाने ते कायम झाले, आणि इंग्रजांनी रामपुऱ्याची (पुढचे अलीगढ, उत्तर प्रदेशातले नव्हे) भर घातली. त्यामुळे संस्थान सलग झालेच नाही. टोंक राजपुतान्यात, सिरोंज माळव्यात, मधे दुसऱ्यांचा मुलूख. ‘मिळवले’ किंवा ‘पदरात पाडून घेतले’ हे नेमके.

जावरा संस्थानही काही जण त्याच्या नावावर घालतात. ते त्याचा मेहुणा गफूरखान याचे. होळकर आणि इंग्रज यांच्यातल्या महिदपूरच्या लढाईनंतर जानेवारी 1818 मध्ये त्यांच्यात मंदसौरचा तह झाला, त्यातून ते उभे राहिले.